वॉटर्लू, पानिपत आणि वडगाव : एका इंग्रजी वाक्प्रचाराच्या मराठी प्रतिशब्दाची चिकित्सा

प्रस्तावना

'टू मीट वन्स वॉटर्लू' हा इंग्रजीतील एक रुळलेला वाक्प्रचार आहे. महाविद्यालयीन स्तरावर इंग्रजी-मराठी भाषांतर शिकवताना त्याचा प्रतिशब्द म्हणून 'पानिपत होणे' हा मराठी वाक्प्रचार सर्रास दिला जातो. विद्यार्थी तो पाठ करतात, परीक्षक त्यास पूर्ण गुण देतात आणि वृत्तपत्रांतील भाषांतरकारही कोणतीही शंका न घेता तो वापरतात. वरकरणी हे समीकरण सोयीचे दिसते. दोन्हीकडे एक रणभूमी आहे, एक मोठा पराभव आहे आणि स्थळनामाचे झालेले सामान्यनाम आहे. तथापि दोन्ही वाक्प्रचारांचा उगम व त्यांची वाक्यातील वर्तणूक तपासली असता हे समीकरण टिकत नाही. वॉटर्लू हे इंग्रजांनी जिंकलेल्या लढाईचे नाव आहे. पानिपत हे मराठ्यांनी हरलेल्या लढाईचे. एकात दुसऱ्याचा अंत पाहिलेला आहे, तर दुसऱ्यात स्वतःचा घात सोसलेला आहे. हा भेद केवळ ऐतिहासिक तपशिलाचा नसून अर्थाचा आहे.

या भेदाची कसोटी घेण्यास पुणे जिल्ह्यातील वडगाव मावळ हे स्थळ विशेष उपयुक्त ठरते. इ. स. १७७९च्या जानेवारी महिन्यात येथे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईकर फौजेला मराठ्यांपुढे नमावे लागले. इंग्रजांचा पराभव, मराठ्यांचा विजय आणि त्यावर शिक्कामोर्तब करणारा तह, असे सर्व काही येथे घडले. असे असूनही 'वडगाव होणे' असा वाक्प्रचार मराठीत निर्माण झाला नाही, आणि इंग्रजीत तर त्याची कल्पनाही करता येत नाही. असे का व्हावे, या प्रश्नातून वॉटर्लू व पानिपत या दोन्ही शब्दांचे खरे स्वरूप उलगडते.

वॉटर्लू : पराभूताच्या कीर्तीवर उभा राहिलेला शब्द

१८ जून १८१५ रोजी बेल्जियममध्ये नेपोलियनच्या सैन्याचा वेलिंग्टनचे संयुक्त सैन्य व ब्ल्यूखरचे प्रशियन सैन्य यांनी पराभव केला. प्रत्यक्ष लढाई वॉटर्लू गावात झाली नाही. ती त्याच्या दक्षिणेस काही किलोमीटरांवर माँ-सँ-जाँ या वस्तीच्या परिसरात झाली. फ्रेंचांनी दीर्घकाळ तेच नाव वापरले. प्रशियन सेनापतीला 'ला बेल आलियान्स' हे नाव हवे होते. परंतु वेलिंग्टनचा मुक्काम वॉटर्लूला होता, त्याचा विजयाचा खलिता तेथून निघाला आणि लंडनच्या वृत्तपत्रांत तेच नाव छापून आले. म्हणजे इंग्रजी भाषेला हा शब्द रणांगणाने दिला नाही. तो कागदाने दिला. ही गोष्ट वडगावच्या संदर्भात पुन्हा आठवावी लागेल.

शब्दाचा लाक्षणिक उपयोग आश्चर्य वाटावे इतक्या लवकर सुरू झाला. १८१६च्या डिसेंबरात, लढाईला दीड वर्षही झाले नव्हते तेव्हा, कवी बायरन व्हेनिसमध्ये अर्मेनियन भाषा शिकण्याची खटपट करीत होता. आपल्या मित्रास लिहिलेल्या पत्रात त्याने पॅरिसमधील विद्यार्थी या लिपीपुढे कसे एकेक करून गळाले याचा किस्सा सांगितला आणि ती लिपी म्हणजे लिप्यांमधील वॉटर्लूच होय, अशा आशयाचा विनोद केला. येथे एक बाब दुर्लक्षिली जाऊ नये. बायरनच्या विनोदातही हरणारे फ्रेंचच आहेत. शब्द अजून इतिहासाला घट्ट चिकटलेला आहे. पुढे १८५९मध्ये अमेरिकन वक्ता वेंडेल फिलिप्स याने ब्रुकलिन येथील भाषणात प्रत्येक माणसाच्या आयुष्यात त्याचे वॉटर्लू कधीतरी येतेच, असे प्रतिपादन केले. तेथे नेपोलियन अदृश्य झाला, फ्रान्स अदृश्य झाले आणि उरला तो कोणताही माणूस. वाक्प्रचार म्हणून वॉटर्लू पूर्णत्वाला पोहोचल्याची ही खूण मानता येईल.

या वाक्प्रचाराची रचना पाहण्याजोगी आहे. इंग्रजी भाषक 'त्याचे वॉटर्लू झाले' असे म्हणत नाही. तो 'त्याला त्याचे वॉटर्लू भेटले' या वळणाने बोलतो. वॉटर्लू हे त्या व्यक्तीच्या मालकीचे आहे, वाटेत कोठेतरी तिची वाट पाहत उभे आहे आणि ती व्यक्ती स्वतःच्या पायांनी चालत तेथवर जाते. या रचनेत नियतीचा स्वर आहे, तसाच उद्दामपणाच्या शिक्षेचाही. म्हणूनच हा वाक्प्रचार सामान्य माणसाच्या सामान्य अपयशाला शोभत नाही. ज्याने आधी अनेक मैदाने मारली आहेत त्यालाच वॉटर्लू भेटू शकते. सतत नापास होणाऱ्या विद्यार्थ्याला गणिताच्या परीक्षेत वॉटर्लू भेटत नाही. ते सदैव पहिल्या येणाऱ्याला भेटते.

अर्थात वाक्प्रचार इतिहासाची काटछाट करतो. नेपोलियनचा हा पहिला मोठा पराभव नव्हता. १८१३मध्ये लाइपझिग येथे, याहून कितीतरी मोठ्या सैन्यांच्या लढाईत, तो हरला होता आणि १८१४मध्ये त्याने सिंहासनही सोडले होते. परंतु लाइपझिगहून परतीची वाट होती, वॉटर्लूहून नव्हती. भाषेने आकार पाहिला नाही, शेवट पाहिला.

येथे महाराष्ट्राशी निगडित एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. वॉटर्लूचा विजेता वेलिंग्टन म्हणजेच आर्थर वेलस्ली. याच वेलस्लीने २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे व भोसले यांच्या फौजांशी अत्यंत रक्तरंजित लढाई जिंकली होती. उतारवयात, आपली सर्वोत्तम लढाई कोणती, असे विचारले असता त्याने असईचे नाव घेतले, असे सांगितले जाते. स्वतः सेनापतीची पसंती असूनही इंग्रजीत असईचा वाक्प्रचार झाला नाही. कारण लंडनच्या वाचकाला दौलतराव शिंदे कोण हे ठाऊक नव्हते, आणि बोनापार्टच्या नावाने मात्र तेथील घराघरांत मुलांना भीती घातली जात होती. तेव्हा वाक्प्रचार ठरतो तो लढाईच्या तीव्रतेने नव्हे, पराभूताच्या कीर्तीने. वॉटर्लू या शब्दाला लागणारा पहिला घटक वेलिंग्टन नाही, नेपोलियन आहे.

पानिपत : स्वतःच्या भाषेत सोसलेला पराभव

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत येथे अहमदशाह अब्दालीच्या फौजेपुढे मराठ्यांचा पराभव झाला. सदाशिवरावभाऊ व विश्वासराव पडले. सैनिकांबरोबर बाजारबुणगे, यात्रेकरू, स्त्रिया यांचाही संहार झाला. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब पेशवे निवर्तले. महाराष्ट्रातील घराघरांतून कोणी ना कोणी गेले, ही जाणीव या पराभवाच्या केंद्रस्थानी आहे. म्हणूनच पानिपतने मराठीला एक नव्हे तर अनेक शब्दप्रयोग दिले. 'पानिपत होणे' हा त्यांतील सर्वांत प्रचलित. 'विश्वास ठेवा' असे कोणी म्हटल्यास 'विश्वास तर पानिपतावर गेला' हे उत्तर आजही ऐकू येते. त्यात विश्वासरावांच्या नावावरील श्लेष आहे आणि दुःख थट्टेत मुरवण्याची मराठी रीतही आहे. 'भाऊगर्दी' हा शब्द सदाशिवरावभाऊंच्या या प्रसंगाशी जोडला जातो. तेथील 'गर्दी'चा अर्थ दाटी असा नसून दंगल, दाणादाण असा होता. आज निवडणुकीच्या तोंडावर 'इच्छुकांची भाऊगर्दी' असा मथळा देणाऱ्या उपसंपादकाच्या मनात पानिपतचा मागमूसही नसतो. शब्द जगला, शोक विरला. 'संक्रांत कोसळणे' हा प्रयोगही लोकसमजुतीत पानिपतशी बांधला गेला आहे, कारण लढाई संक्रांतीच्या सुमारास झाली. तथापि पंचांगातील संक्रांतीदेवीचे वाहन, वस्त्र, दृष्टी व त्यांवरून वर्तवले जाणारे अनिष्ट यांतूनच या प्रयोगाचा पुरेसा उलगडा होतो; त्यासाठी पानिपतची गरज भासत नाही.

मुख्य वाक्प्रचाराकडे परत यावे. 'पानिपत होणे' याचा कर्ता कोण असतो? मराठी वृत्तपत्रीय भाषेचे निरीक्षण केल्यास तो बहुधा समूह असतो. पक्षाचे पानिपत होते, आघाडीचे होते, संघाचे होते. एखाद्या नामांकित पुढाऱ्याचा एकट्याचा पराभव झाला, तर मराठी कान 'पानिपत' या शब्दाला थोडासा अडखळतो. अशा वेळी अनेक पत्रकार सरळ 'वॉटर्लू ठरले' असेच लिहितात. ही त्यांची आंग्लाळलेली सवय म्हणून हिणवण्याचे कारण नाही. भाषिक गरज त्यांना बरोबर जाणवलेली असते. याशिवाय मराठीत 'पानिपत करणे' असा सकर्मक प्रयोगही आहे. विरोधकांचे पानिपत करता येते. दुसऱ्याचे वॉटर्लू मात्र इंग्रजीत सहजासहजी करता येत नाही, ते त्याला भेटावे लागते.

आणखी एक भेद भावच्छटेचा आहे. १९७४मध्ये ॲबा या स्वीडिश गायकवृंदाने प्रेमात शरण जाण्याला वॉटर्लूची उपमा देणारे गीत गायिले आणि युरोव्हिजन स्पर्धा जिंकली. वॉटर्लूचे असे लाडिक रूपांतर होऊ शकले, कारण इंग्रजी वापरणाऱ्या जगाच्या दृष्टीने त्या शब्दात स्वतःचे कोणी मेलेले नाही. पानिपतचे प्रेमगीत मराठीत कल्पनेतही येत नाही. त्र्यं. शं. शेजवलकर यांचा पानिपतवरील ग्रंथ आणि विश्वास पाटील यांची १९८८मधील 'पानिपत' ही कादंबरी यांनी या शब्दाभोवतीचे गांभीर्य विसाव्या शतकातही जागे ठेवले.

म्हणून 'मीट वन्स वॉटर्लू' या वाक्प्रचाराचे भाषांतर 'पानिपत होणे' असे करताना तीन गोष्टी हातच्या निसटतात : व्यक्ती, तिची पूर्वकीर्ती आणि नियतीशी पडलेली गाठ. मराठीत 'शेरास सव्वाशेर भेटणे' हा प्रयोग त्यातल्या त्यात जवळचा आहे. त्यात व्यक्ती आहे, तिचा तोरा आहे आणि 'भेटणे' हे क्रियापदही आहे. उणीव एवढीच की सव्वाशेर भेटल्यावरही शेर दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहू शकतो. वॉटर्लूनंतर दुसरा दिवस नसतो. तेव्हा संदर्भानुसार 'अखेर त्याची घोडदौड येथे संपली' असे मोकळे भाषांतर करणेच प्रामाणिक ठरते. एका शब्दाला एक शब्द देण्याचा हट्ट परीक्षेच्या सोयीचा आहे, भाषेच्या नव्हे.

वडगाव : दोन्ही साच्यांत न बसणारा विजय

आता वडगावकडे वळता येईल. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. त्यानंतर कारभाऱ्यांनी दूर सारलेल्या रघुनाथरावांनी १७७५मध्ये सुरतेच्या तहाने इंग्रजांचे साहाय्य मिळवले. कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलने तो तह अमान्य करून १७७६मध्ये पुरंदरचा तह केला. तरीही मुंबईकर इंग्रजांनी १७७८च्या नोव्हेंबरात रघुनाथरावांना गादीवर बसवण्यासाठी फौज पाठवलीच. चार हजारांच्या आतबाहेरची ही फौज, कर्नल एगर्टन तिचा सेनापती आणि जॉन कारनॅक हा तिच्यासोबतच्या समितीतील प्रमुख. ग्रँट डफ यांच्या इतिहासानुसार सामानासाठी एकोणीस हजारांवर बैल होते. घाट चढून डिसेंबरअखेर मावळात आलेली ही फौज बैलांच्याच गतीने सरकत राहिली. दोन्ही बाजूंच्या डोंगरांतून मराठ्यांच्या तुकड्या तिला टोचत होत्या. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्टुअर्ट मारला गेला. ९ जानेवारीस फौज तळेगावला पोहोचली, तेव्हा गाव जळालेले होते. शत्रूला दाणावैरण मिळू नये म्हणून मराठ्यांनी ते पेटवले होते, आणि वेळ पडल्यास चिंचवड व खुद्द पुणेही पेटवण्याची त्यांची तयारी होती. एगर्टन आजारी पडल्याने सूत्रे कॉकबर्नकडे आली होती. पुणे उण्यापुऱ्या दोन मजलांवर असताना समितीने माघारीचा निर्णय घेतला. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळेगावच्या तळ्यात लोटल्या, साठा जाळला आणि फौज मागे फिरली. मराठ्यांना सुगावा लागलेलाच होता. वडगावला फौज चहूबाजूंनी वेढली गेली आणि १६ जानेवारीस तह झाला. १७७३नंतर घेतलेला मुलूख परत करावा, बंगालहून येणारी फौज थांबवावी, रघुनाथरावांचा पक्ष सोडावा, ही त्याची प्रमुख कलमे. दोन इंग्रज अधिकारी ओलीस राहिले. रघुनाथराव महादजी शिंद्यांच्या स्वाधीन झाले आणि इंग्रजांची फौज मुंबईला परत गेली.

वॉटर्लूप्रमाणेच येथेही नाव कागदाने दिले आहे. झटापटी खंडाळ्यापासून तळेगावपर्यंत मैलोगणती पसरल्या होत्या. इतिहासात नाव राहिले ते तह जेथे झाला त्या गावाचे. साम्य मात्र येथेच संपते. वडगावला नेपोलियन नव्हता. एगर्टन, कारनॅक आणि कॉकबर्न यांना पुढे कंपनीने नोकरीतून काढून टाकले, परंतु त्यांची कीर्ती मुळातच एवढी नव्हती की तिचा अंत भाषेला जाणवावा. इंग्रजी इतिहासलेखनाने वडगावचा उल्लेख लाजिरवाणा तह म्हणून केला आणि पान उलटले. स्वतःच्या पराभवातून इंग्रजी वाक्प्रचार घडवते तेव्हा त्याला सद्गुणाचे रूप देण्याकडे तिचा कल दिसतो. १९४०च्या डंकर्कमधील माघारीतून 'डंकर्क स्पिरिट' हा धीरवाचक शब्द आला. तळेगावच्या तळ्यात बुडवलेल्या तोफांतून असा कोणताही सद्गुण वर काढता येण्याजोगा नव्हता.

मराठीच्या बाजूने प्रश्न अधिक कठीण आहे. विजय स्वतःचा होता, भूमी स्वतःची होती, मग शब्द का नाही? प्राणहानी मोठी झाली नाही, हे एक उत्तर. महादजी शिंद्यांनी कोंडलेली फौज कापून काढली नाही, तिला जाऊ दिले. पण केवळ संहाराअभावी वाक्प्रचार अडला असे म्हणता येणार नाही. अधिक महत्त्वाचे कारण असे की वडगावने काहीच संपवले नाही. मुंबईकरांनी समितीला असा तह करण्याचा अधिकारच नव्हता असे सांगून तो झिडकारला, वॉरन हेस्टिंग्जनेही तो मानला नाही. बंगालहून निघालेली गॉडर्डची फौज थांबली नाही. ती फेब्रुवारीत सुरतेस पोहोचली. रघुनाथराव त्याच वर्षी शिंद्यांच्या पहाऱ्यातून निसटून पुन्हा इंग्रजांच्या आश्रयास गेले. युद्ध १७८२च्या सालबाईच्या तहापर्यंत चालले आणि साष्टी अखेर इंग्रजांकडेच राहिली. वाक्प्रचाराला शेवट लागतो. वडगाव हा मधला प्रसंग ठरला.

या ठिकाणी 'मराठे युद्धात जिंकले आणि तहात हरले' हे लोकप्रिय विधान ओठांवर येते, आणि अनेक व्याख्यानांतून ते वडगावलाही चिकटवले जाते. ते येथे चुकीचे आहे. वडगावला मराठे युद्धात जिंकले आणि तहातही जिंकले. कलमे त्यांच्या मनासारखी होती. त्यांनी गमावले ते तहानंतर, कारण समोरच्या पक्षाची सही आणि त्या सहीमागची सत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कंपनीच्या कारभाराचे वैशिष्ट्य त्यांच्या अनुभवाबाहेरचे नव्हते, तरी पुरेसे ध्यानात घेतले गेले नाही. सुरतेचा तह कलकत्त्याने फिरवला होता, हे उदाहरण केवळ तीन वर्षांपूर्वीचे होते. त्या वेळी फिरवाफिरवी मराठ्यांच्या पथ्यावर पडली म्हणून ती धोक्याची सूचना वाटली नसावी. तयार वाक्प्रचार हाताशी असला की इतिहासाचा विचार करण्याचे श्रम वाचतात. वडगावच्या बाबतीत नेमके तेच झाले आहे.

वडगाव आणि पानिपत यांना जोडणारा एक धागा मात्र अभ्यासकांनी अधिक गांभीर्याने पाहण्यासारखा आहे. पानिपतावरून जिवंत परतलेल्यांत दोन तरुण होते. एकाच्या पायाला झालेल्या जखमेने त्याला आयुष्यभराचे लंगडेपण दिले. तो महादजी शिंदे. दुसरा कसाबसा जीव वाचवून दक्षिणेत पोहोचला. तो नाना फडणवीस. १४ जानेवारी १७६१ आणि १६ जानेवारी १७७९ या दोन तारखांमध्ये अठरा वर्षे व दोन दिवसांचे अंतर आहे, आणि वडगावची सूत्रे याच दोघांच्या हाती होती. 'पानिपत होणे' म्हणजे समूळ नाश, हा अर्थ मराठी भाषेने पक्का केला. तो अर्थ खोटा ठरवणारी माणसे वडगावला प्रत्यक्ष उभी होती. भाषेने त्यांची दखल घेतली नाही. नेपोलियनच्या लाइपझिगप्रमाणे महादजींचे वडगावही वाक्प्रचाराच्या काटछाटीत बाहेर पडले. समोर दिसणारी फौज दिवसेंदिवस उपाशी ठेवून, गावे जाळून, निर्णायक लढाई टाळून नमवण्याची ही रीत पानिपतावर मराठ्यांवरच आलेल्या उपासमारीची आठवण करून देते. तो धडा वडगावला वापरला गेला असे कागदोपत्री सिद्ध करणे अवघड आहे. पण ज्यांनी पानिपतावरची अन्नान्नदशा भोगली होती त्यांना दाणावैरणीचे मोल कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

एका माणसाभोवतीचे तीन प्रसंग

मराठीत विजयाचे वाक्प्रचार अजिबात नाहीत असा याचा अर्थ नाही. 'अटकेपार झेंडे लावणे' हा १७५८च्या उत्तरेतील मोहिमेवरून आलेला ठसठशीत विजयवाचक प्रयोग आहे, आणि त्या मोहिमेचे नायक रघुनाथरावच होते. पंधरा वर्षांनी त्यांच्याच घरातून 'ध चा मा करणे' हा दुसरा वाक्प्रचार बाहेर पडला. 'धरावे'चे 'मारावे' केल्याची ही कथा आनंदीबाईंच्या नावावर जमा आहे. समकालीन कागदांचा भक्कम आधार तिला नाही, तरी भाषेने तिला पुरावा मागितला नाही. आणखी सहा वर्षांनी तेच रघुनाथराव वडगावला तहाचे एक कलम होऊन बसले. एकाच माणसाच्या आयुष्यातील दोन प्रसंगांना शब्द मिळाला, तिसऱ्याला मिळाला नाही. पहिल्या दोहोंत डोळ्यांसमोर उभे राहणारे काहीतरी आहे : ओलांडलेली सीमा, बदललेले अक्षर. 'खिंड लढवणे' या प्रयोगातही अडवलेली वाट आणि वाट अडवून पडलेले बाजीप्रभू दिसतात; 'गड आला पण सिंह गेला' यात मिळकतीबरोबर तिची किंमत दिसते. उलट कार्तलबखानाची फौज शिवाजी महाराजांनी २ फेब्रुवारी १६६१ रोजी जेथे कोंडली ती उंबरखिंड लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटाखालीच आहे. तो विजय जवळजवळ निर्दोष होता, आणि त्याचाही वाक्प्रचार झाला नाही. किंमत न मोजता मिळालेले यश मराठी भाषा फारसे साठवून ठेवत नाही, असे यावरून म्हणता येईल. उदाहरणे थोडी आहेत हे मान्य करूनही हा कल डोळ्यांआड करता येत नाही.

मावळाने मराठीला जे दिले

तळेगावच्या तळ्यात लोटलेल्या तोफा हे चित्र वाक्प्रचार होण्यास काही कमी नव्हते. पण ते रात्री घडले, आणि ते घडवणाऱ्यांना लपवायचे होते. मराठ्यांच्या डोळ्यांसमोर भरदिवसा जे घडले ते निराळे होते. घाटमाथ्यापासून कार्ल्यापर्यंत इंग्रजांच्या आघाडीला राहून धिटाईने लढणारा एक कॅप्टन त्यांनी पाहिला. त्याला त्यांनी 'फाकडा' म्हटले. हा शब्द त्या काळी सन्मानाचा होता; धाडस, देखणेपणा आणि थोडा बेफिकीर रुबाब एवढे सारे त्यात येते. मानाजी शिंद्यांनाही 'फाकडे' हे बिरुद होते. स्टुअर्टचे मराठी जिभेवर 'इष्टुर' झाले, जसे स्टॉपचे 'इष्टाप' होते. आरंभीचे जोडाक्षर उच्चारण्यापूर्वी 'इ'चा टेकू घेण्याची ही बोलीची जुनी सवय आहे. मृत्यूनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, १८२६मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात ग्रँट डफ यांनी या अधिकाऱ्याचे नाव मराठी मुलखात 'इष्टुर फाकडे' म्हणून अजून घेतले जाते, अशी नोंद केली आहे. शत्रूच्या फौजेतील एका कॅप्टनला लोकांनी नाव दिले, ते स्वतःच्या भाषेत वळवून घेतले आणि जिंकलेल्या तहापेक्षा अधिक काळ जपले.

वॉटर्लूशी याची तुलना करता येते. तेथे विजेत्याच्या भाषेने पराभूताची कीर्ती उचलली, पण ती त्याच्या अंताचे नाव म्हणून. येथेही विजेत्याच्या भाषेने पराभूतांतील एकाची कीर्ती उचलली, मात्र ती गौरवाचे नाव म्हणून. नेपोलियनचे वॉटर्लू झाले. स्टुअर्टचा फाकडा झाला. पहिल्या शब्दात समाधान आहे, दुसऱ्यात कौतुक. या दोहोंतील फरक भाषांतराच्या तासाला वाक्प्रचारांच्या यादीतून कळणारा नाही.

मावळात आज या सर्व कथेच्या खुणा थोड्या अंतरावर सापडतात. वडगावला महादजी शिंद्यांचे स्मारक आहे, आणि तेथेच पोलीस ठाण्याच्या आवारात इष्टुर फाकड्याची म्हणून एक समाधी दाखवली जाते. तेथून पश्चिमेस खंडाळ्याला घाटाच्या तोंडाशी एक उंच टोकदार सुळका आहे. वॉटर्लूच्या विजेत्याचे नाक असेच बाकदार होते म्हणून इंग्रजांनी त्याला 'ड्यूक्स नोज' हे नाव दिले. पर्यटकांच्या नकाशांवर ते नाव अजून आहे. पायथ्याच्या कुरवंडे गावात मात्र त्या कड्याला नागफणी म्हणतात.